एका सुतानं लांब

लेथवर चढवलेलं लाकूड बोलतं, असं कातारी लोक म्हणतात. बाळाबाईला हे कुणी सांगावं लागलं नाही. कागलच्या पल्याड एका लहान गावात चौगल्यांची सून म्हणून ती आली, तेव्हा घरामागच्या शेळ्यांच्या खोपटात एक दोरीचा लेथ होता. नवरा आकाराम कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्न करायचा. पॅटर्न म्हणजे लोखंडी वस्तूचा लाकडी जुळा. तो वाळूत दाबायचा, वाळूत उठलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. दिवसभर हेच करून माणूस घरी आला की चहा पिऊन परत खोपटात शिरायचा आणि हौसेनं लाकूड कातायचा. तो पटाशी धरायचा आणि बाळाबाई दोरी ओढायची. दोरी पुढं, दोरी मागं. लाकडाचा आवाज ऐकत, शेळ्यांच्या वासात, ती कितीतरी वर्षं नुसती ओढत राहिली. ओढताना डोळे मात्र पटाशीच्या टोकावर असायचे.

मग मोटर आली.

"सुटलीस बघ," आकाराम म्हणाला.

"सुटली न्हाय, हाकललीसा," ती म्हणाली. "दोरी घेतलीसा तर पटाशी द्या."

त्यानं हसत दिली. पहिल्याच दिवशी तिनं बाभळीचा तुकडा असा उडवला की कोपऱ्यात रवंथ करत बसलेली शेळी उठून बाहेर गेली ती चार दिवस आत येईना. आकाराम पोट धरून हसला, पण पटाशी परत मागितली नाही. पुढं लाटणी, भोवरे, पाळण्यावरचे पोपट असं काय काय ती करत गेली. बाजाराच्या दिवशी बायका यायच्या. 'बाळाबाईचं लाटणं' असं नावच पडलं होतं. जरा लांब असतं, हाताला चांगलं लागतं, म्हणायच्या.

आकाराम छातीच्या दुखण्यानं गेला. दिवस-पाणी झालं, पाहुणे पांगले आणि बाळाबाईनं खोपटाचं दार उघडलं. मोटरचा आवाज ऐकून शेजारची म्हातारी कुडावरून म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील? नवऱ्याची राख निवू दे की!"

बाळाबाईनं मोटर बंद केली नाही. आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "मशीन बंद ठिवल्यानं माणूस माघारी येत असंल तर सांगा आत्ती, आत्ता बंद करती!"

म्हातारी कुडाआड गेली.

कोल्हापुरात कातारी मंडळ म्हणून एक मेळा आहे. फाउंड्रीतले जुने पॅटर्नवाले, एसटीच्या वर्कशॉपातले कारागीर, दोन-तीन कारखानदार, अशी लाकडाची हौस असलेली माणसं. बाबासो मेस्त्रींच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये ती जमतात. बाबासो आकारामचे जोडीदार. एकाच पॅटर्न शॉपमध्ये दोघांनी उमेदीची वर्षं काढली. आकाराम गेल्यावर त्यांनीच बाळाबाईला मंडळात आणलं. पहिल्या बैठकीला कुणीतरी मायेनंच म्हणालं, "वहिनी आल्या, आता चहा बरा मिळंल." बाळाबाई पिशवी खांद्यावरून न उतरवता म्हणाली, "चूल माझ्या घरात बी हाय. तेवढ्यासाठी एसटीचं तिकीट काढून कोण येतंय?" त्या दिवशी चहा एसटीतल्या ज्ञानूनं केला. तो फार वाईट झाला. तेव्हापासून ज्ञानू तिला बाळाक्का म्हणतो आणि जरा जपून बोलतो.

मंडळाची वर्षाची मोठी भेट खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पटाश्या, करवती, पट्ट्या घासूनपुसून पाटावर मांडायच्या, लेथला झेंडूचा हार घालायचा आणि दिवसभर यंत्र चालवायचं नाही. बाबासोंच्या वडलांपासूनचा रिवाज. मग ज्यानं त्यानं वर्षात केलेल्या वस्तू मांडायच्या आणि एकमेकांच्या वस्तूंना नावं ठेवत भडंग खायचं.

त्या वर्षीची खंडेनवमी मात्र वेगळी होती. मंडळाचा एक पाळणा आहे. ज्याच्या घरी बारसं असेल त्यानं न्यावा, पोर मोठं झालं की आणून द्यावा. कुणाचं कूळ-मूळ विचारायचं नाही. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना कातीव गज, एकेका गजामागं एकेक सभासद, आणि गजाखाली पट्टीवर तापल्या सळईनं डागलेलं त्याचं नाव. जुना पाळणा घरोघर फिरून खिळखिळा झाला होता. म्हणून नवा करायचा ठरला. प्रत्येकानं एक गज करायचा, भोकात जाणारं टोक, म्हणजे चूल, सोडून बरोबर एक फूट लांब, नक्षी ज्याची त्याची. जुन्या पाळण्यात आकारामचं नाव होतं. नव्यात बाळाबाईचं येणार होतं.

तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या नावावर तिचा फार जीव होता. शेताच्या उताऱ्यावर पोराचं नाव, घराच्या पाटीवर नवऱ्याचं, पत्रिकेत 'सौ.'च्या पुढं परत नवऱ्याचं. तिचं असं नाव कुठं कोरलेलंच नव्हतं. गजासाठी तिनं शिसवीचा तुकडा निवडला. मधे तो करंगळीएवढा बारीक नेला आणि दोन्हीकडं कळीसारखा फुगवला. इतका बारीक न्यायला पुरुष घाबरतात. फुटला की सगळी मेहनत वाया. तिचा फुटला नाही.

सकाळी शेडमध्ये शिरली तर टेबलं भरली होती. ज्ञानूनं भोवऱ्यांची अख्खी जत्रा मांडली होती. कुणी तालमीसाठी मुद्गल केले होते, कुणी भातुकलीचं उखळ-मुसळ. मंडळाचा सेक्रेटरी विजयसिंह सरनोबत, ज्याचा शिरोलीला कारखाना आहे, त्यानं आंब्याच्या बुंध्याची घंगाळाएवढी परात कातली होती आणि लोकांना तिच्यावर टिचक्या मारायला लावत होता.

"बघा, घंटेगत वाजती."

"सरकार, पण हिच्यात करायचं काय?" ज्ञानूनं विचारलं.

"करायचं काय म्हंजे? बघायची!"

"मग बरं झालं. मला वाटलं अंघोळीला बसायची."

हशा झाला. बाळाबाई पण हसली. पूजा झाली, पेढे वाटले, लेथला हार चढला आणि बाबासोंनी पाळणा जोडायला घेतला.

एक बाजू छान बसली. खालच्या पट्टीत गज उभे केले, वरची पट्टी टेकवली, लाकडी हातोड्याचे टोले घातले आणि चुली भोकात गच्च बसल्या. दुसऱ्या बाजूची पट्टी मात्र एका जागी उचलून राहिली. बाबासोंनी टोला घातला. पट्टी बसेना. परत घातला. मग हातोडा ठेवून त्यांनी आंधळ्यासारखं बोटांनी चाचपलं आणि एका गजाशी बोट थांबवलं.

"हा उंच हाय. कुणाचा?"

सगळ्यांना दिसत होतं कुणाचा. इतका बारीक दुसऱ्या कुणी नेलाच नव्हता.

"माझा," बाळाबाई म्हणाली.

विजयसिंहानं गज काढून त्याला मापाची पट्टी लावली. "एक सूत जास्त हाय, काकू."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ज्वारीच्या दाण्याएवढं. पण सुतारकामात तेवढ्यानं दार लागत नाही.

"तुमची पट्टी बघा जरा," बाळाबाई म्हणाली. "मी मापून केलाय. एकदा न्हाय, धा येळा मापलाय." आणि पिशवीतून आपली पोलादी पट्टी काढून तिनं गजावर ठेवली. बरोबर एक फूट. "बघा! आता बोला."

विजयसिंह गोंधळला. त्यानं आपली पट्टी शेजारी धरली. दोन पट्ट्या, दोन्हींवर बारा इंच, आणि एक दुसरीपेक्षा ज्वारीच्या दाण्यानं लांब. बाबासोंनी बाळाबाईची पट्टी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, मागं-पुढं फिरवली आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तरी हसत राहिले.

"वहिनी! अवो ही आकारामची पॅटर्नची पट्टी! लोखंड निवताना आवळतंय, फुटाला एक सूत. म्हणून आमी पॅटर्न तेवढा मोठा करताव. ह्या पट्टीचा फूटच मुळात सुतानं लांब असतोय. ही घरच्या लाकडाला लावायची नसती!"

"बाळाक्का," ज्ञानू म्हणाला, "आता पाळणा लोखंडाचा वता, बरोब्बर बसंल!"

शेड हसण्यानं भरून गेली. कुणी वाईट हसत नव्हतं. पॅटर्नवाल्यांच्या घरात ही चूक कधी ना कधी झालेली असतेच. पण बाळाबाईचे कान तापले. आकारामची घरकामाची पट्टी निराळी होती. ती तो आपल्यापाशीच ठेवायचा. तिला पहिल्यापासून हाताला लागली ती हीच. म्हणजे इतक्या वर्षांची सगळी लाटणी, सगळे पोपट, सगळे भोवरे एका सुताच्या हिशेबानं मोठे. एकट्या वस्तूला काय कळतंय ती लांब आहे की आखूड. चार जणांच्या ओळीत उभी राहिली तेव्हा कळलं. आणि बाजारातल्या बायकांना जे लांब लाटणं हाताला लागत होतं, त्याचं गुपित हे! तिला पण हसू आलं असतं. पण तेवढ्यात विजयसिंह बोलला.

"असू दे काकू, मनाला लावून घेऊ नका. मला एक सुचतंय." तो जुन्या पाळण्याकडं गेला आणि त्यातनं एक गज काढून आणला. सागवानी, घरोघरच्या तेलकट हातांनी काळाभोर झालेला. "हा आकारामकाकांचा. मापात हाय. नवा गज करायला आता येळ न्हाय. उद्या दसऱ्याला पाळणा पहिल्या घरी जायचा हाय, तिकडं बारसं ठरलंय. हाच बसवू. खाली नाव लिहू, कैलासवासी आकाराम चौगले. त्यांची आठवण बी राहील. काय मंडळी?"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांचे डोळे पण भरले. बाबासो मान हलवत म्हणाले, "गुणी माणूस हुता." सगळं इतक्या मायेनं झालं की त्याला नाही म्हणायला दगडाचं काळीज पाहिजे होतं.

बाळाबाई म्हणाली, "न्हाय."

टाळ्या तुटक तुटक थांबल्या.

"न्हाय म्हंजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. पट्टीवर जागा माझी हाय."

"अवो, नवऱ्याचंच नाव लागतंय की तुमच्या," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याला बाई आडवी येती व्हय?"

तिनं मागं वळूनही बघितलं नाही. विजयसिंहाच्या हातातला जुना गज घेतला. त्यावरून अंगठा फिरवला. हा कातताना दोरी तिनं ओढली होती. त्याच्या नक्षीतली एकेक वाटी तिला पाठ होती.

"ह्यानं लई पोरं जोजावली," ती म्हणाली. "त्येंचं काम त्येंनी केलं. आता हा माझ्या घरी येऊ दे, देवापाशी ठिवती. पण मेलेल्या माणसाला परत कामाला लावू नका, आणि जित्या माणसाला घरी बसवू नका. चुकला तो गज कुणाचा? माझा न्हवं? सगळ्यांनी हसून घेतलं, ते कुणाला हसला? त्येंस्नी न्हाय हसला. मला हसला. मग चूक माझी असंल तर गज बी माझाच. मीच दुरुस्त करणार."

"करा की," विजयसिंह जरा चिडून म्हणाला. "पण कसा? वरनं करवतीनं कापून भागत न्हाय. चूल जिथं सुरू होती तो खांदा आत घ्यायला लागतोय, म्हंजे लेथवर चढवायला लागणार. आणि आज खंडेनवमी."

खरी अडचण ही होती. सगळ्यांनी लेथकडं बघितलं. झेंडूचा जाड हार, हळदीकुंकवाची बोटं, पुढं नारळ. बाबासोंनी उपरणं सारखं केलं.

"वहिनी, तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाय. पण माझ्या बापापास्नं आजच्या दिवशी ह्या शेडात यंत्र फिरलेलं न्हाय. हत्याराला एक दिवस विसावा द्यायचा असतोय."

आता बाबासोंपुढं ती गप्प बसेल असं सगळ्यांना वाटलं. बाबासोंनीच तिला इथं आणलं होतं. तिलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिची नजर भडंगाच्या पातेल्यावर गेली.

"भावजी, आज तुमच्या घरात चूल पेटली?"

"पेटली की."

"तिला हळदकुंकू लावलं?"

"लावलं. का?"

"माझ्या सुनंनं बी लावलं. चुलीला, विळीला, मिक्सरला, खुरप्याला. आणि लावून झाल्याबरुबर त्याच विळीवर कांदा चिरला. हे भडंग काय आपूआप फोडणीत पडलं? पेढ्याचं दूध कुणी आटवलं? बायकांच्या हत्याराला आज कुणी विसावा दिलाय व्हय? तवा कुणाचा देव कोपत न्हाय. मग माझी पटाशी तेवढी शिवायची न्हाय, ही कुठली रीत?"

बाबासो इतकंच म्हणाले, "मी व्हय म्हणणार न्हाय."

"नका म्हणू. मी इचारलंच न्हाय."

ती लेथपाशी गेली. नमस्कार केला, खराखुरा, डोळे मिटून. मग हार उतरवला. ठेवायला जागा दिसेना. विजयसिंह जवळ उभा होता.

"धरा," ती म्हणाली आणि त्यानं दोन्ही हात पुढं करून तो धरला. का धरला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढचा सगळा वेळ तो पाहुण्यांना सामोरं गेलेल्या यजमानासारखा हार घेऊन उभा राहिला. बाबासो मात्र चपला घालून बाहेर पडले आणि शेडकडं पाठ करून पायरीवर बसले.

गजाच्या दोन्ही टोकांना लेथच्या टोच्याची, म्हणजे लाकूड धरणाऱ्या अणीची, जुनी खूण होती. तिथंच तिनं तो परत धरला. पण पूर्ण कातलेला गज परत चढवणं म्हणजे शिजलेला भात परत निवडणं. मधला भाग करंगळीएवढा. टोचा जास्त आवळला तर तो धनुष्यासारखा वाकणार आणि मधेच मोडणार. ढिला ठेवला तर उडणार. आणि आज मोडला तर लोक म्हणतील, देवानंच मोडला. हे तिला कळत होतं. तिनं टोचा आवळला, थोडा सोडला, बोटानं गज फिरवून बघितला, परत जरासा आवळला.

"बाळाक्का, सावकाश," ज्ञानू म्हणाला. आता त्याचा आवाज हसरा नव्हता.

तिनं बटण दाबलं.

गज थरथरला. मधल्या बारीक जागी एकाचे दोन दिसायला लागले. मागं कुणीतरी "गेला" म्हणालं. बाळाबाईनं डाव्या हाताचा पंजा गजामागं आधाराला लावला. तान्ह्या पोराची मान धरावी तसा, दाबायचा नाही, सोडायचा नाही. थरथर हाताखाली कमी झाली. लाकडाचा आवाज बदलला, भुणभुणणारा होता तो एकसारखा झाला. मग तिनं उजव्या हातात पटाशी घेतली आणि चुलीच्या खांद्याला टेकवली. शिसवीचा काळा भुगा तिच्या मनगटावर पडत राहिला. घाई नाही. जरा घ्यायचं, थांबायचं, ऐकायचं. पंजा तापून भाजायला लागला तरी तिनं काढला नाही.

शेवटी तिनं मोटर बंद केली आणि गज टोच्यातून सोडवला.

"घ्या माप," ती विजयसिंहाला म्हणाली. त्याचे हात हारात अडकलेले. ज्ञानूनं माप घेतलं, पुन्हा घेतलं.

"फूट," तो म्हणाला. "सरळ माणसाचा फूट."

गज पट्टीत उभा केला. वरची पट्टी टेकवली. हातोडा घ्यायला कुणी पुढं होईना, तेव्हा तिनंच घेतला आणि एकच टोला घातला. पट्टी बसली.

त्या टोल्याचा आवाज ओळखूनच बाबासो आत आले असावेत. लेथकडं त्यांनी बघितलं नाही. सरळ पाळण्याशी येऊन त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. कुठं अडकलं नाही. मग त्यांनी नावं डागायची सळई शेगडीत सारली. सळई लाल झाल्यावर खाली वाकून विचारलं,

"काय लिवू? श्रीमती बाळाबाई आकाराम..."

"बाळाबाई."

"एवढंच? आडनाव?"

"जागा उरली तर घाला."

लाकूड चरचरलं, धूर निघाला. अक्षरं वाकडी आली, कारण बाबासोंचा हात अजून रागात होता. बाळाबाई वाकून अक्षर अक्षर बघत राहिली. नाव पुरं झालं आणि पुढं बोटभर जागा कोरी राहिली. बाबासोंनी वर बघितलं. तिनं त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला, तशी त्यांनी सळई विझवली.

पाळणा आढ्याच्या कडीला टांगला. उद्या जाणार म्हणून सगळे त्याच्याभोवती हळू आवाजात बोलत होते, फुलं वाहावीत का, दिवा लावावा का. बाळाबाईनं पुढं होऊन त्याला असा झोका दिला की तो पार टेबलापर्यंत जाऊन आला आणि विजयसिंह हारासकट मागं सरला.

"अवो काकू, जपून! नवा हाय!"

"पाळणा हाय, देव न्हाय," बाळाबाई म्हणाली. "हलवायलाच केलाय." आणि तिनं दुसरा झोका दिला.